‘ब्रोल’, ‘द्राश’ आणि ‘सेप्तांत’: ब्रुसेल्सच्या फ्रेंचमध्ये हे शब्द आले कुठून?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. पुण्यात चार वर्षं फ्रेंच शिकून तुम्ही बी-टूची परीक्षा दिलीत. दोन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी कुटुंबासह ब्रुसेल्सला आलात. आता रोज कानावर पडणारं फ्रेंच पुस्तकातल्या फ्रेंचशी जुळत नाही. तुम्ही सहा उदाहरणं दिली आहेत: सत्तरला ‘सेप्तांत’, दुपारच्या जेवणाला ‘दिने’, फरशी पुसायच्या फडक्याला ‘तोर्शों’, पसाऱ्याला ‘ब्रोल’, धो धो पावसाला ‘द्राश’, आणि ‘शक्य आहे का’ असं विचारायचं असताना ‘पूव्वार’ऐवजी ‘साव्वार’ हे क्रियापद. ऑफिसातला पॅरिसचा सहकारी सांगतो की हे डचनं बिघडवलेलं फ्रेंच आहे, कानाला त्याची सवय लागू देऊ नका. आणि चार वर्षांची मुलगी बालवाडीतून ‘ब्रोल’ शिकून घरी आली आहे. यातलं काय उचलायचं, काय टाळायचं, असं तुम्ही विचारताय.

मी गेली सोळा वर्षं याच शहरात दुभाषी म्हणून काम करते. दवाखाने, शाळा, नगरपालिकेची कार्यालयं अशा ठिकाणी भारतातून आलेल्या कुटुंबांसोबत बसते, आणि संध्याकाळी नव्यानं आलेल्यांना फ्रेंच शिकवते. तुमच्यासारखाच मलाही सुरुवातीला धक्का बसला होता. त्यामुळे जे सांगते ते अनुभवातून. सहकाऱ्याचं म्हणणं मला पटत नाही, पण ते निव्वळ खोटंही नाही. या शहराच्या फ्रेंचवर डचची, नेमकं सांगायचं तर इथल्या फ्लेमिश बोलीची, खोल खूण आहे. फक्त ती जिथे आहे असं लोकांना वाटतं तिथे बहुतेक वेळा नसते, आणि जिथे खरोखर आहे तिथे ती चटकन दिसत नाही.

तुमच्या सहा शब्दांपासूनच सुरू करू. त्यातल्या पहिल्या तिघांचा डचशी काही संबंध नाही. ‘सेप्तांत’ आणि नव्वदसाठीचा ‘नोनांत’ हे जुने, थेट लॅटिनमधून उतरलेले फ्रेंच शब्द आहेत. एकेकाळी फ्रान्सच्या बऱ्याच भागांतही ते चालत. पॅरिसनं ‘साठ-दहा’ आणि ‘चार-वीस-दहा’ अशी मोजणी पक्की केली. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडनं जुनी ठेवली. डचचा परिणाम असता तर ऐंशीलाही इथे वेगळा, सुटसुटीत शब्द असता, कारण डचमध्ये तो आहे. पण बेल्जियन माणूस ऐंशीला पॅरिसकरासारखंच ‘चार-वीस’ म्हणतो. ‘दिने’चंही तसंच. सकाळी ‘देज्ने’, दुपारी ‘दिने’, रात्री ‘सूपे’ ही जेवणांची जुनी नावं आहेत. ती स्वित्झर्लंडमध्येही आहेत आणि अटलांटिक ओलांडून कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतातही. ‘तोर्शों’ शब्द फ्रेंचच, फक्त काम बदललेलं. पॅरिसमध्ये त्यानं ताटल्या पुसतात, इथे फरशी. ताटल्या पुसायच्या फडक्याला इथे ‘एस्वी’ म्हणतात. म्हणून पॅरिसचा पाहुणा स्वयंपाकघरात ‘तोर्शों’ मागतो तेव्हा यजमानीण क्षणभर बघत राहते.

एखादा शब्द दिसला की मी पहिली चाचणी हीच लावते: स्वित्झर्लंडमध्ये किंवा क्वेबेकमध्ये हाच शब्द याच अर्थानं आहे का? असला तर तो बहुधा जुन्या फ्रेंचचा ठेवा आहे, शेजारच्या भाषेची देणगी नाही. ही चाचणी शंभर टक्के खरी ठरत नाही, पण निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

‘ब्रोल’ आणि ‘द्राश’ मात्र अस्सल फ्लेमिश घरातले. आणि ‘साव्वार’ हा या सहांतला सगळ्यात गुंतागुंतीचा. त्याकडे नंतर येते.

आता हे फ्लेमिश शब्द फ्रेंचमध्ये शिरले कसे, हे समजायला शहराची गोष्ट थोडी सांगायला हवी. ब्रुसेल्स मुळात फ्रेंच शहर नव्हतं. ते ब्राबांत प्रांतातलं, सामान्य माणसं ब्राबांती, म्हणजे फ्लेमिशचाच एक प्रकार असलेली बोली बोलणारं गाव. फ्रेंच होती ती दरबाराची, उमरावांची. 1795 मध्ये हा मुलूख फ्रान्सला जोडला गेला, 1830 मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाला, आणि नव्या देशाचा कारभार, न्यायालयं, वरचं शिक्षण, सगळं फ्रेंचमध्ये चालू लागलं. तरीसुद्धा 1846 च्या जनगणनेत शहरातले बहुसंख्य लोक फ्लेमिश बोलणारेच होते. शंभर वर्षांनी, 1947 च्या जनगणनेत, चित्र पूर्ण उलटलेलं दिसतं. ती भाषेची शेवटची जनगणना. तिच्यावरून इतका वाद झाला की नंतर भाषेचा प्रश्न विचारणंच बंद झालं, आणि 1962-63 च्या कायद्यांनी भाषेची सीमारेषा कायमची आखून ब्रुसेल्सच्या 19 नगरपालिका दुभाषी ठरवल्या.

या शंभर वर्षांत झालं काय? वालोनियातून, म्हणजे बेल्जियमच्या दक्षिणेकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातून, आणि फ्रान्समधून फ्रेंच बोलणारे लोक आले हे खरं. पण मोठा बदल घराघरांच्या आत झाला. आजोबा फ्लेमिश, वडील दोन्ही, नातू फ्रेंच, असा तीन पिढ्यांचा प्रवास. फ्रेंच आलं तर दुकानात नोकरी, कचेरीत खुर्ची, मुलीला बरं स्थळ. म्हणून आईबाप मुलांना फ्रेंच शाळेत घालत. आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या घरांत जे चालतं ते तुम्ही पाहिलं असेल. पोरगं शाळेत सगळं इंग्रजीत शिकतं, पण ‘वरण’, ‘चिडका’, ‘पसारा’, ‘लाडोबा’ हे शब्द घरचेच राहतात. भाषा बदलणारा माणूस कचेरीचे शब्द नव्या भाषेतले घेतो आणि घरातले जुनेच सोबत आणतो. ब्रुसेल्सच्या फ्रेंचमधले फ्लेमिश शब्द हे असे आलेत, स्वयंपाकघराच्या आणि गल्लीच्या दारानं. श्रीमंत फ्रेंच घरांतही मोलकरणी फ्लेमिश गावांतल्याच असत, तेव्हा त्या घरांतल्या मुलांच्या कानावरही हे शब्द पडतच होते.

म्हणूनच हे शब्द कोणत्या कामाचे आहेत ते बघा. खायचे: कुस्करलेल्या बटाट्यात भाजी घालून केलेला ‘स्टूम्प’, गोड पावाचा ‘क्रामिक’. पोरांचे: गल्लीतला उनाड पोरगा म्हणजे ‘केट’. स्वभावाचे: बढाईखोर म्हणजे ‘डिकनेक’, शब्दशः जाड मानेचा. पसारा आणि भंगार म्हणजे ‘ब्रोल’. गप्पा मारणं म्हणजे ‘बाबले’. पितळ घासून लखलखीत करणं म्हणजे ‘ब्लँके’. न्यायालयातला, विज्ञानातला, बँकेतला शब्द या यादीत सापडत नाही. ते सगळे वरून, फ्रेंचमधून आले.

‘द्राश’ बघा कसा मुरलाय. मूळ फ्लेमिश क्रियापद, पाऊस कोसळण्यासाठीचं. फ्रेंचमध्ये आल्यावर त्याला स्त्रीलिंग मिळालं, ‘ला द्राश’. मग त्याचं फ्रेंच पद्धतीनं चालणारं क्रियापद झालं, ‘इल द्राश’, म्हणजे कोसळतोय. आणि शेवटी त्याला राष्ट्रीय मानही मिळाला: 21 जुलैला, राष्ट्रीय दिनी, पाऊस हमखास संचलन भिजवतो म्हणून त्या पावसाला ‘द्राश नासियोनाल’ म्हणतात. हा शब्द बेल्जियन लोकांबरोबर काँगोपर्यंत पोचला. तिथल्या फ्रेंचमध्येही तो आहे. शब्द उसना असला तरी त्याचं लिंग, प्रत्यय, वाक्यातली जागा सगळं फ्रेंचचं असेल, तर तो फ्रेंच झाला असं मी धरते. आपण ‘बटाटा’, ‘पाव’, ‘चावी’, ‘पगार’ हे पोर्तुगीज शब्द असेच पचवले. ‘बटाट्याची’ म्हणताना आपल्याला लिस्बन आठवत नाही.

‘आं स्टूमलिंग्स’ हा माझा आवडता प्रयोग. अर्थ: गुपचूप, कोणाला कळू न देता. पुढचं ‘आं’ हे फ्रेंच शब्दयोगी, मागचं सगळं फ्लेमिश क्रियाविशेषण. दोन भाषांची शिवण इतकी उघडी क्वचितच दिसते.

आणि ‘झिनेके’. ब्रुसेल्समधून एक छोटी नदी वाहायची. फ्रेंचमध्ये सेन, डचमध्ये झेने. पॅरिसच्या सीनशी तिचा काही संबंध नाही. तिच्या काठानं भटकणाऱ्या गावठी कुत्र्यांना लोक ‘झिनेके’ म्हणत. नदी घाण झाली, 1866 मध्ये पटकीची साथ आली, आणि 1867 ते 1871 या काळात शहराच्या मध्यातला नदीचा भाग कमानी बांधून झाकून टाकला. नदी दिसेनाशी झाली, शब्द राहिला. पुढे तो मिश्र घरातल्या माणसाला लागू झाला: आई फ्लेमिश, वडील वालून, आजी आणखी कुठली. आता लोक तो स्वतःबद्दल अभिमानानं वापरतात. 2000 मध्ये ब्रुसेल्स युरोपची सांस्कृतिक राजधानी होती तेव्हा वस्त्यावस्त्यांतल्या लोकांनी मिळून एक मिरवणूक काढली, तिचं नाव याच शब्दावरून ठेवलं, आणि ती अजूनही निघते. शब्दाच्या शेवटचा ‘-के’ हा लडिवाळ प्रत्यय आहे. चौकातल्या त्या छोट्या पुतळ्याच्या, मानेकेन पिसच्या नावात त्याचंच जुनं रूप आहे. आपल्या ‘छोटुकला’, ‘पिटुकली’सारखा तो जीव लावतो.

शहराचा राग कसा शब्दात साठतो याचंही एक उदाहरण इथे आहे. मारोल ही गरिबांची, दाटीवाटीची, फ्लेमिश-फ्रेंच मिसळलेली वस्ती. 1866 ते 1883 या काळात तिच्या डोक्यावर न्यायालयाची अवाढव्य इमारत उभी राहिली, वास्तुविशारद जोसेफ पूलार्त. त्यासाठी लोकांची घरं पाडली गेली. तेव्हापासून ‘स्कीवन आर्शितेक’, म्हणजे वाकडा वास्तुविशारद, ही मारोलमधली शिवी झाली. ती इमारत तुम्ही पाहिली असेलच. शहराच्या खालच्या भागातून कुठूनही मान वर केली की दिसते.

हे झाले डोळ्यांना दिसणारे उसने शब्द. माझ्या कामात जास्त घोटाळा होतो तो न दिसणाऱ्यांनी. म्हणजे शब्द सगळे फ्रेंच, पण त्यांची जुळणी किंवा अर्थ शेजारणीच्या वळणाचा.

एका रुग्णालयात पाय मोडलेला एक तरुण होता, भारतातून फ्रेंच शिकून आलेला, उत्तम व्याकरणाचा. मी पोचायच्या आधी परिचारिकेनं त्याला विचारलं, ‘व्हू सावे मार्शे?’ त्यानं शिकलेल्या अर्थानं घेतलं: तुम्हाला चालण्याचं ज्ञान आहे का? प्रश्न विचित्र वाटला, पण त्यानं ‘हो, अर्थातच’ असं उत्तर दिलं. तिनं चाकांची खुर्ची बाजूला केली आणि तो पडता पडता वाचला. तिला विचारायचं होतं, आत्ता, या पायानं, तुम्हाला चालता येईल का. पॅरिसमध्ये ‘साव्वार’ म्हणजे एखादी गोष्ट माहीत असणं, शिकलेली असणं; आत्ता जमेल का यासाठी ‘पूव्वार’. बेल्जियममध्ये ‘साव्वार’ दोन्ही कामं करतं.

इथे एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली, आणि ती मराठी माणसाला सांगायलाच हवी. आपल्याकडे हा भेद नाहीच. ‘मला पोहता येतं’ म्हणजे मी शिकलेय. ‘मला उद्या येता येणार नाही’ म्हणजे जमणार नाही. दोन्हीकडे ‘येणं’ हेच क्रियापद. ब्रुसेल्सचा माणूस ‘तू से व्हनीर?’ म्हणतो तेव्हा मनातल्या मनात ‘येता येईल का?’ असं ऐका. पुस्तकानं मोठ्या कष्टानं शिकवलेला भेद इथे थोडा सैल सोडायचा आहे, एवढंच.

हा डचचा परिणाम आहे का? इथे मी ठामपणे ‘हो’ म्हणणार नाही. डचमध्ये ‘कुनन’ हे एकच क्रियापद दोन्ही अर्थ सांभाळतं, त्यामुळे परिणाम असणं स्वाभाविक. पण जुन्या फ्रेंचमध्येही ‘साव्वार’चा असा उपयोग होता, आणि आजही फ्रान्सच्या लेखी भाषेत नकारार्थी वाक्यात तो अवशेषासारखा दिसतो. मला वाटतं दोन्ही खरं आहे. जुना प्रयोग मरणार होता. शेजारच्या भाषेत तसाच प्रयोग रोज ऐकू येत होता म्हणून तो इथे जगला. दुभाषी शहर नवे शब्द देतं, तसं जुने शब्द टिकवूनही ठेवतं.

असे आणखी काही प्रयोग तुम्हाला रोज भेटतील. ‘सा म गूत’ म्हणजे हे मला रुचतं. डच ‘दात स्माक्त मे’चा उतारा. फ्रान्समध्ये तो चुकीचा वाटतो, आपल्याला मात्र ‘मला आवडतं’च्या घडणीमुळे अगदी ओळखीचा. ‘तिरे सों प्लां’, शब्दशः आपला आराखडा ओढणं, म्हणजे आपलं आपण निभावून नेणं. डच म्हणीचं जसंच्या तसं भाषांतर. ‘यून फ्वा’ म्हणजे एकदा: ‘ये एकदा इकडे’, ‘बघ एकदा’. इथला ‘एकदा’ मोजायचा नसतो, आज्ञा मऊ करायचा असतो, हे मराठी कानाला समजावून सांगावं लागत नाही. फ्रान्सचे लोक बेल्जियन माणसाची नक्कल करताना प्रत्येक वाक्याला ‘यून फ्वा’ चिकटवतात. प्रत्यक्षात तो इतका ऐकू येत नाही, आणि भलत्या जागी तर मुळीच नाही.

आणि ‘नों, पतेत्र!’ शब्दशः ‘नाही, कदाचित’. अर्थ: हो, म्हणजे काय! माझी पहिली घरमालकीण जुनी ब्रुसेल्सकर होती. भाड्यात गरम पाणी धरलंय का असं मी विचारलं, तिनं ‘नों, पतेत्र!’ म्हटलं, आणि मी आठवडाभर गार पाण्यानं अंघोळ केली. नोव्हेंबर होता. आपल्याकडे ‘जेवायला येणार ना?’ या प्रश्नाला ‘नाही तर काय!’ असं उत्तर आलं की आपण ताट वाढतो. अगदी तोच सूर. तेव्हा माझ्या मनात दोन भाषांचा असा मेळ बसला असता तर ते आठ दिवस वाचले असते.

तुमच्या पगारपत्रकावरच्या शब्दांबद्दलही थोडं सांगते, कारण तिथे कारण निराळं आहे. ‘प्रेकोंत’ म्हणजे पगारातून आधीच कापलेला कर, ‘बुर्गमेस्त्र’ म्हणजे महापौर, ज्याला फ्रान्समध्ये ‘मेर’ म्हणतात, रोज रेल्वेनं कामाला ये-जा करणारा तो ‘नाव्हेतर’. हे बोलीतून आलेले नाहीत. वेगळा देश, वेगळी व्यवस्था, म्हणून वेगळे शब्द. शिवाय इथे कायदा दोन भाषांत शेजारी शेजारी लिहिला जातो. हे सुरुवातीपासून नव्हतं. कायद्याच्या डच पाठाला फ्रेंचच्या बरोबरीचा दर्जा 1898 मध्ये मिळाला, आणि राज्यघटनेचा अधिकृत डच पाठ तर 1967 मध्ये आला. जोडीनं राहणारे हे शब्द एकमेकांकडे बघून घडतात. भुयारी रेल्वेच्या ‘आर-ल्वा / कुन्स्ट-वेट’ या पाटीसारखे. असे शब्द निःशंकपणे वापरा. इथल्या कचेरीत फ्रान्सचा शब्द वापरलात तर समोरचा उलट गोंधळेल.

देवाणघेवाण एकाच बाजूनं झाली असंही नाही. फ्लेमिश माणूस सर्रास ‘मेर्सी’ म्हणतो, मजेदारला ‘प्लेझांट’, त्रासदायकला ‘अंबेटांट’, काकाला ‘नॉन्केल’. सगळे फ्रेंचमधून गेलेले. तुमच्या सहकाऱ्याला हे सांगून बघा.

आता दुसऱ्या एका दुभाषी शहराकडे जरा बघू, म्हणजे ब्रुसेल्सचं वेगळेपण उठून दिसेल. क्वेबेकमधल्या माँट्रियलमध्ये फ्रेंच बोलणारे लोक आधीपासून होते. 1760 मध्ये शहर इंग्रजांच्या हाती गेलं, आणि पुढे कारखाने, रेल्वे, बँका यांची मालकी मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांकडे राहिली. फ्रेंच कामगार घरी फ्रेंच, कामावर इंग्रजी हुकूम. मग इंग्रजी शब्द कुठे शिरले? कामावर. ‘बॉस’, ‘ला जॉब’, कारखान्याला ‘ला शॉप’. गाडीचे सुटे भाग तर इंग्रजीच: ‘बंपर’, ‘टायर’, ‘वायपर’. ब्रुसेल्समध्ये शब्द स्वयंपाकघरातून वर चढले, माँट्रियलमध्ये मालकाच्या खोलीतून खाली उतरले. म्हणून तिथली प्रतिक्रियाही निराळी. 1961 मध्ये क्वेबेक सरकारनं फ्रेंचसाठी खास कार्यालय काढलं, 1977 मध्ये भाषेचा कायदा केला, आणि कामाच्या जागचे शब्द एकेक करून फ्रेंच केले. परिणामी आज पॅरिसकर ‘वीकएंड’ आणि ‘पार्किंग’ म्हणतो तिथे माँट्रियलकर फ्रेंच शब्द वापरतो. शुद्धतेचा मक्ता पॅरिसकडे आहे असं मानणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं.

म्हणून एखादा शब्द बरा की वाईट हे ठरवण्याआधी मी विचारते: तो कोणाच्या तोंडून, कोणाच्या कानात, कुठल्या जागी गेला? दुभाषी शहर म्हणजे दोन शब्दकोश शेजारी ठेवलेले नसतात. दोन प्रकारची माणसं ठरावीक जागी भेटतात, बाजारात, कारखान्यात, लग्नात, आणि त्या जागेवर शब्द ठरतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, तिथे सरसकट नियम देणं चुकीचं होईल. ‘द्राश’ आणि ‘कॉट’ हे देशभर चालतात. कॉट म्हणजे विद्यार्थ्यांची भाड्याची खोली, मूळ डच अर्थ खोपटं. आता तर एका कॉटमध्ये राहणाऱ्या सोबत्यांसाठीही त्याच्यापासून फ्रेंच शब्द तयार झालाय. ‘केट’ आणि ‘आं स्टूमलिंग्स’ हे खास ब्रुसेल्सचे. वालोनियातल्या लिएज शहराच्या माणसाला ते परके वाटतील, त्याच्याकडे वालून बोलीतले वेगळे आहेत. वयही महत्त्वाचं. मारोलमधले सत्तरीचे आजोबा जितके फ्लेमिश शब्द वापरतात त्याच्या चौथाई त्यांची नात वापरत नाही, कारण घरात ती बोली आता कोणी बोलत नाही. तिच्या फ्रेंचमध्ये अरबीतून आलेला ‘वल्लाह’ आहे. 1964 मध्ये बेल्जियमनं मोरोक्को आणि तुर्कस्तानशी कामगार आणण्याचे करार केले; त्या घरांतली तिसरी पिढी आज शहराचं फ्रेंच घडवते आहे. ब्रुसेल्सच्या इक्सेल भागातल्या मातोंगे वस्तीत, जिचं नावच काँगोची राजधानी किन्शासातल्या एका वस्तीवरून पडलंय, काँगोचं फ्रेंच ऐकू येतं. पूर्वी फ्लेमिश शब्द ज्या दारानं आले त्याच दारानं हे येत आहेत, आणि त्यांनाही आज ‘बिघाड’ म्हटलं जातं. बेल्जियन शब्दांबद्दल असंच बोललं जायचं. 1971 मध्ये इथेच निघालेल्या एका पुस्तकाच्या नावातच अशा शब्दांची ‘शिकार’ होती. आता ‘कॉट’, ‘द्राश’, ‘सेप्तांत’ फ्रान्सच्या मोठ्या शब्दकोशांत ‘बेल्जियम’ असा शिक्का लावून बसले आहेत.

मग तुम्ही काय करायचं? माझ्या विद्यार्थ्यांना सांगते तेच सांगते. ‘सेप्तांत’, ‘नोनांत’, जेवणांची नावं आणि सरकारी शब्द आजपासून वापरा. ते या देशाचं प्रमाण फ्रेंच आहे, लेखीसुद्धा. फोनवर आकडे सांगताना तर नक्कीच. ‘द्राश’, ‘ब्रोल’, ‘कॉट’ बोलण्यात येऊ द्या, कचेरीच्या पत्रात नको. तिथे इथला माणूसही जपूनच वापरतो. ‘साव्वार’ ऐकून समजून घ्या, स्वतः ‘पूव्वार’ म्हणा. दोन्ही इथे चालतं आणि ‘पूव्वार’ सगळीकडे चालतं. गल्लीचे शब्द, ‘केट’, ‘डिकनेक’, वाकड्या वास्तुविशारदाची शिवी, हे ओळखा, पण वापरायची घाई करू नका. नव्या माणसाच्या तोंडी ते नक्कल वाटतात, आणि शिवी तर कोणावर किती लागते हे कळायला वर्षं जातात. फ्रान्समध्ये तपासल्या जाणाऱ्या परीक्षेला बसणार असाल तर तिथे पुस्तकातलं फ्रेंच लिहा, सुरक्षित राहील. वहीत प्रत्येक नव्या शब्दापुढे कोण बोललं आणि कुठे, एवढं लिहून ठेवा. मी अजून लिहिते.

राहता राहिली मुलगी. ‘ब्रोल’ म्हटलं म्हणून तिला अडवू नका. बालवाडीत बाई खेळणी आवरायला सांगताना तोच शब्द वापरत असतील, आणि तिला तो नेमक्या जागी वापरता येतोय. त्याच्यासाठीचा पुस्तकी फ्रेंच शब्द तिला शाळेत मिळेलच. ब्रुसेल्सच्या फ्रेंच शाळांमध्ये तिसरीपासून डच सक्तीचं असतं. म्हणजे आणखी चार-पाच वर्षांनी एखाद्या फ्लेमिश वर्गमित्राच्या घरी ती खेळायला जाईल, त्याची आई खोलीच्या दारात उभी राहून ओरडेल, आणि त्या डच वाक्यातला एक शब्द तिला आधीपासूनच येत असेल.